कीबोर्डचा काना गेला तेव्हा

चहा सांडला, तोही दूध-साखरेचा, आणि दोन दिवसांनी कीबोर्डचा काना गेला. मी इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे देवनागरीच्या एका कीबोर्ड मांडणीत, टाइप करतो, त्यात इंग्लिश ई च्या बटणावर काना असतो, त्यामुळे नाशिकचं नशिक, चहाचं चह, आणि शिफ्ट धरून आ येतो तोपण बंद. घरच्या ग्रुपवर 'आई' लिहायचं होतं तर नुसतं 'ई' गेलं.

मेकॅनिकल कीबोर्ड आहे, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच, पण जुना, हॉटस्वॅप नाही, म्हणजे स्विच नुसता ओढून बदलता येत नाही, ते थेट बोर्डावर सोल्डर केलेले, वितळलेल्या धातूने जोडलेले. खोलून मागून त्या स्विचच्या दोन पिना चिमट्याने जोडून बघितल्या तर स्क्रीनवर काना उमटला. म्हणजे बोर्ड चांगला, स्विच गेला. इथवर मी जाम खूश होतो.

एमजी रोडला जाऊन 25 वॅटची सोल्डरिंग आयर्न, सोल्डर वायर, वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा सकर आणि स्वस्तातला मल्टीमीटर घेतला. दुकानदार म्हणाला, "भाऊ, पहिल्यांदाच का? मग पेस्टपण घ्या." सोल्डर नीट पसरावं म्हणून लावतात ती. घेतली, नशीब. घरी आयर्नच्या टिपला, म्हणजे तापणाऱ्या टोकाला, सोल्डर लावून चकचकीत करत होतो तर आई म्हणाली ही तर कल्हई, आणि खरंच तेच आहे की, काळी पडलेली टीप उष्णता पुढे देतच नाही.

जुनं सोल्डर निघेना. मग कळलं की त्यावर आधी थोडं नवीन सोल्डर घालायचं, म्हणजे ते नीट वितळतं आणि मगच सकर मारायचा. एक पिन मोकळी झाली, दुसरी अर्धवट, आणि मला घाई. स्विच ओढला. बारीक 'टक्' झालं आणि पिनेबरोबर तांब्याचं गोल कडंच वर आलं, पॅड म्हणतात ते, मागे ट्रेसचं, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेषेचं, शेपूट लोंबत होतं. दहा मिनिटं मी बोर्डाला हातच लावला नाही.

तरी नवीन स्विच बसवला. काना नाहीच. मग मल्टीमीटर काढला. अशा कीबोर्डात सहसा प्रत्येक बटणाला एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, असतो, एकाच वेळी जास्त बटणं दाबली तर भलतीच अक्षरं उमटू नयेत म्हणून. तो डायोड मोडवर 0.6 च्या आसपास दाखवत होता, प्रोब उलटे केले की काही नाही, म्हणजे ठणठणीत. मग स्विचची दुसरी पिन आणि खालच्या डी च्या बटणाची कॉलमवाली पिन (उभ्या ओळीतली बटणं ज्या एका रेषेने जोडलेली असतात तो कॉलम) यांच्यात बीप बघितला, जोड असेल तर मल्टीमीटर वाजतो, तर शांतता. डी तर चालत होतं, म्हणजे कॉलम शाबूत, फक्त ई कडे येणारी वाट मी उखडली होती.

दोन बटणांच्या केंद्रांत जेमतेम 19 मिमी अंतर असतं. जुन्या लॅन केबलमधली निळी तार सोलून टोकांना सोल्डर लावलं आणि एका पिनेवरून दुसऱ्या पिनेवर टाकली. पहिला जोड गोळ्यासारखा वर बसला, हलवला की सुटला. दुसऱ्यांदा पेस्ट लावून आधी पिन तापवली, मग सोल्डर आपोआप पसरलं. बीप वाजला!

दिसायला अगदीच गबाळं झालंय, पण ते आतल्या बाजूला. काना सहा आठवडे चालतोय. आता शेजारचं डब्ल्यू अधूनमधून दोनदा उमटतं, तेही स्विचच असणार, पण सकर अजून ड्रॉवरमधून बाहेर काढलेला नाही.