एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा का मुरगळतो?

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याकडच्या केळीच्या बागांत घड वाहणारी माणसं माझ्याकडे फिजिओथेरपीला येतात, ती हाच प्रश्न घेऊन. "ताई, पाय परत मुरगयना!" हाड तर मोडलं नव्हतं, मग दर वेळी तोच पाय का? तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

नडगीचं हाड आणि त्याच्या शेजारचं बारीक हाड मिळून घोट्यात एक खाच तयार होते. तिच्यात टॅलस नावाचं हाड बसतं. ते पुढून रुंद, मागून अरुंद. टाचा टेकवून उकिडवं बसलात की रुंद भाग खाचेत घट्ट अडकतो. बांधावरून उतरताना मात्र चवडा खाली जातो, अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. त्यात खांद्यावर घड, पायाखाली ठिबकची नळी. पाऊल आत वळतं ते नेमकं तेव्हा. टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नसतो, त्यामुळे बराचसा ताण घोट्याच्या बाहेरच्या बाजूच्या अस्थिबंधांवर, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांवर येतो. ते तीन, त्यांतला पुढचा सर्वांत कमजोर, तोच आधी फाटतो.

फाटलेला बंध भरून येतो, पण कधी कधी लांबून, सैल होऊन. शिवाय पाऊल कुठे कललंय हे मेंदूला कळवणाऱ्या नसांची टोकंही त्याच बंधात असतात. दुखापतीनंतर हा निरोप बिघडतो, असं ब्रिटिश डॉक्टर फ्रीमन यांनी 1965 मध्येच मांडलं होतं. निरोप उशिरा पोचला की पाऊल सावरणारे पोटरीच्या बाहेरचे स्नायूही उशिरा आवळतात.

परवा एका बाईंना डोळे मिटून एका पायावर उभं केलं. चांगल्या पायावर त्या निवांत उभ्या राहिल्या. दुखऱ्या पायावर बोटांनी फरशी धरू लागल्या, घोट्यावरच्या शिरा नाचायला लागल्या आणि तिसऱ्या सेकंदाला त्यांनी माझा हात पकडला. त्यांची सूज कधीच उतरली होती. तोल सांभाळायला पायाला कोणी पुन्हा शिकवलंच नव्हतं.

म्हणून कळकळीनं सांगते, ताजी लचक चोळून, ओढून घेऊ नका. चार पावलंही टाकता येत नसतील तर आधी एक्स-रे काढा. दुखणं कमी झालं की भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं, टाचा उचलणं, रबरी पट्टा लावून पाऊल बाहेर ओढणं हे काही आठवडे रोज करा. एवढं करूनही पाय दगा देत राहिला, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सैल बंध शस्त्रक्रियेनं घट्ट करता येतो.

त्या बाई आता चुलीवर चहा उकळेपर्यंत दुखऱ्या पायावर उभ्या राहतात, एक हात ओट्याला लावून.