मामा: आईचा भाऊ, की आईच?

भाषेविषयी बोलायला गेलो की एक प्रश्न हमखास येतो: चिनी, स्वाहिली आणि रशियन भाषांत ‘मामा’ म्हणजे आई, मग आपल्याकडे तो आईचा भाऊ कसा, आणि या साऱ्या भाषा मुळात एकच होत्या का? तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

केवळ या साम्यावरून एकच मूळ मानता येत नाही. मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञाने आईवडिलांसाठीचे 1072 शब्द जगभरातून जमवले होते. त्यांतील आईवाचक शब्दांपैकी निम्म्याहून अधिक शब्दांत म, न अशी अनुनासिके आढळली. रोमान याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञाने 1960 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याचे कारण सांगितले. अंगावर पिणाऱ्या बाळाचे तोंड भरलेले असते, त्यामुळे नाकावाटे निघेल तेवढाच आवाज त्याला काढता येतो. पुढे भूक लागली की तोच आवाज मागणी होतो, आणि ती पुरवायला धावते ती बहुधा आई. आपण मात्र त्या आवाजात ‘मंमं’ ऐकतो आणि त्याचा अर्थ जेवण असा लावतो, जो मला तरी बाळाच्या मनातल्या अर्थाच्या अधिक जवळचा वाटतो. (वडिलांसाठी अनेक भाषांनी घेतलेल्या ‘पापा’चा आपण मुका केला, हे ओघाने आलेच.)

म्हणजे ध्वनी बाळाचा, अर्थ मोठ्यांचा. म्हणूनच जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे चक्क वडील आणि आई म्हणजे ‘देदा’.

आईच्या भावाला संस्कृतात ‘मातुल’ असा भारदस्त शब्द आहे, परंतु रोजच्या बोलण्यात हिंदी, गुजराती, बंगालीप्रमाणे मराठीतही ‘मामा’च रुजला. तमिळमध्येही मामा हा आईचा भाऊ असतो आणि सासराही, कारण मामाच्या मुलीशी लग्न करण्याची तिकडे जुनी रीत आहे. ती रीत महाराष्ट्रातही अनेक समाजांत आहे, आणि आपल्याकडच्या सुना सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणत आल्या, त्यामागे याच नात्यांची वीण असावी असे मला वाटते.

खरेखुरे नाते पाहायचे असेल तर सिंहली भाषेकडे वळावे. तिथे ‘मम’ म्हणजे मी. सिंहली आर्यकुळातली असल्यामुळे संस्कृतातल्या ‘मम’, म्हणजे ‘माझे’, या रूपाशी त्याचा धागा थेट जुळतो; तिथे बाळाच्या भुकेचा काही संबंध नाही.