टॉवेलची विक्री आणि पाचशे शेअर

आमचं ऑफिस सोलापूरच्या नवी पेठेत, काम म्युच्युअल फंड आणि शेअरचं. मार्चअखेरीच्या गडबडीत आमचे एक जुने क्लायंट लॅपटॉप काखोटीला मारून आले. टॉवेलचे कारखानदार, एरवी एफडीच्या पलीकडे न जाणारे. "सर, एफडी मोडायची. पोरानं शेअर हुडकलाय."

फाइलमध्ये दोनच रकाने. एकात कारखान्याची दहा वर्षांची महिनावार विक्री, दुसऱ्यात एका केमिकल कंपनीचा पुढच्या महिन्याचा भाव. कोरिलेशन, म्हणजे दोन रकाने किती जोडीनं हलतात त्याचं माप (1 म्हणजे अगदी जोडीनं, 0 म्हणजे संबंध नाही, उणे म्हणजे उलट दिशेनं), 0.93. "आमचा माल खपला की म्हैनाभरात शेअर वर. बघा की ओ!"

"पण हाच शेअर कसा सापडला?"

"निफ्टी 500 मधले सगळे लावून बघितले पोरानं. ह्यो पयला आला."

मेख इथंच होती. पाच टक्के चुकीची मुभा धरली (शंभरात पाच वेळा योगायोगाला संबंध समजलं तरी चालेल), तर काडीचा संबंध नसलेल्या पाचशेंतलेही पंचवीसेक निव्वळ योगायोगानं पास होतात. त्यात दोन्ही रकाने रुपयांत आणि वर्षानुवर्षं चढते. सूत महागलं, टॉवेल महागला, विक्रीचा आकडा फुगला. तिकडे बाजारही चढला. दोन्ही एकाच दिशेनं चालले की संबंध नसतानाही कोरिलेशन मोठं येतं. यूल नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं हे 1926 मध्येच दाखवलं होतं. 1866 ते 1911 या काळात इंग्लंडमधल्या एकूण लग्नांत चर्च ऑफ इंग्लंडच्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्युदर यांचं कोरिलेशन 0.95 भरलं. दोन्ही घसरत होते, एवढंच. (आयुष्य वाढावं म्हणून कुणी चर्चमधली लग्नं मोडल्याचं ऐकिवात नाही.)

मी भाव आणि विक्री काढून टाकली, त्याजागी दोन्हींत दर महिन्याला किती टक्के फरक पडला ते मांडलं. कोरिलेशन शून्याला टेकलं. तरी त्यांचा चेहरा काही पटल्यासारखा दिसेना. मग कोऱ्या शीटवर एक्सेलकडून दोन रकाने मनमानी अधिक-उणे आकडे पाडून घेतले, प्रत्येकाची वरून खाली बेरीज करत नेली आणि दोन्ही बेरजांचं कोरिलेशन काढलं. आकडे नव्यानं पाडणारं एफ नाइन बटण दाबलं: 0.71. पुन्हा दाबलं: उणे 0.58. मग ते स्वतःच दाबत बसले. 0.86 आल्यावर थांबले.

"ह्ये कुठल्या कंपनीचं?"

"कुठल्याच नाही. कॉम्प्युटरनं मनानं पाडलेले आकडे आहेत."

चहा तसाच ठेवून त्यांनी पुण्याला पोराला फोन लावला. "आरं, बाकीच्या चारशे नव्याण्णव शेअरची फाइल कुठंय? पुसलास? का पुसलास?"