दिव्याच्या खांबासमोरचा पत्ता

बेघर माणसांसोबत काम करताना जेवणाची, औषधाची, अंथरूण-पांघरुणाची सोय कशीबशी करता येते, कारण त्यासाठी मदतीला धावणारी माणसे या शहरात अजून आहेत. घोडे अडते ते पत्त्यावर. शिधापत्रिका असो, आधार असो, निराधारांचे अनुदान असो की बँकेचे खाते, अर्जात नावाच्या पाठोपाठ पत्त्याचा रकाना येतो आणि तो रिकामा राहिला की अर्ज जागचा हलत नाही. मी ज्या संस्थेत काम करते, तिचे निम्मे काम हा एक रकाना भरून घेण्याचे आहे. त्या कामातली एक रात्र इथे लिहिते आहे, कारण त्या रात्री जे झाले ते नियमाप्रमाणे प्रत्येक बेघर अर्जदाराच्या बाबतीत व्हायला हवे आणि बहुतेकांच्या बाबतीत ते होत नाही.

दादरच्या फुलबाजारापासून पायी थोड्या अंतरावर एका लांब दगडी कुंपणाला लागून पारधी समाजाची काही कुटुंबे राहतात. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर आणि धाराशिवकडून निघालेली ही माणसे फुटपाथवर थांबली, ती तिथेच राहिली. पहाटे अंधारात बाजारातून सुटी फुले घ्यायची, केळीच्या सोपाच्या ओल्या दोऱ्यात गजरे बांधायचे आणि सिग्नलवर, देवळांपाशी विकायचे. शनिवारी जोडीला लिंबू-मिरची. या कुटुंबांतल्या सर्वांत वयस्क बाईंना सगळा फुटपाथ आजी म्हणतो आणि मीही तेच म्हणते. थोरली मुलगी कडेवर घेऊन त्या या शहरात आल्या. आज त्या मुलीची नातवंडे जवळच्या पालिका शाळेत शिकतात.

आजींकडे एके काळी थोडीफार कागदपत्रे होती. जुनी शिधापत्रिका, रुग्णालयाचे केसपेपर आणि एक ओळखपत्र असे सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी गाठोड्यात बांधून ठेवले होते. एका सकाळी अतिक्रमण हटवणारी गाडी आली आणि ताडपत्री, भांडी, फुलांच्या टोपल्या यांच्यासोबत ते गाठोडेही गेले. सामान सोडवायला गेल्यावर ओळखपत्र मागण्यात आले, आणि ते त्या सामानातच होते. पुढे आम्ही श्रावणबाळ योजनेतून त्यांना निवृत्तिवेतन मिळावे म्हणून अर्ज करायला बसलो, तेव्हा राज्यात किमान १५ वर्षे वास्तव्य असल्याची अट समोर आली. पन्नासाहून अधिक वर्षे मुंबईत काढलेल्या बाईकडे पंधरा वर्षांच्या रहिवासाचा एकही पुरावा नव्हता.

आजी निवारागृहात का जात नाहीत, असे मला अनेकदा विचारले जाते, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली, दिल्लीत थंडीने बेघरांचे मृत्यू झाल्यानंतर, अन्नाच्या हक्काच्या खटल्यातच शहरांमध्ये बारमाही निवारे उभारण्याचे आदेश दिले. २०१३ साली आलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हे प्रमाण घालून दिले. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत, आणि शहर या हिशेबाच्या फार मागे आहे. जे आहेत त्यांत पुरुषांचे वेगळे, स्त्रियांचे वेगळे, मुलांचे वेगळे. लेक, जावई, नातवंडे असे कुटुंब घेऊन जाता येईल आणि पहाटे उठून बाजारही गाठता येईल, असा निवारा आजींच्या वाट्याला आलेला नाही. फुटपाथ त्यांनी हौसेने निवडलेला नाही. पण धंदा, शाळा आणि शेजार त्या फुटपाथला बांधलेला आहे, हे ऐकून घेतल्याशिवाय त्यांच्यासाठी कोणतीही योजना आखता येणार नाही.

पत्त्याचा एक तरी पुरावा हाती यावा म्हणून आम्ही मतदार-नोंदणीकडे वळलो. बेघर माणसाच्या बाबतीत निवडणूक आयोगाची सूचना अगदी स्पष्ट आहे. नमुना ६ मध्ये, म्हणजे मतदार-नोंदणीच्या अर्जात, त्याने आपण जिथे झोपतो ती जागा पत्ता म्हणून द्यायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, म्हणजे बीएलओने, रात्री त्या जागी जाऊन तो माणूस खरोखर तिथे झोपतो की नाही हे पाहायचे, तेही एकाहून अधिक रात्री. तशी खात्री पटली तर रहिवासाचा कोणताही कागद मागायचा नाही. इतर सगळ्या कार्यालयांत माणसाने कागद घेऊन खिडकीपाशी जायचे असते; इथे शासनाने माणसापाशी येऊन डोळ्यांनी पाहायचे आहे. बेघरांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांच्या हाती इतका सरळ नियम क्वचितच लागतो.

आजींच्या अर्जात आम्ही रस्त्याचे नाव, फुटपाथची बाजू आणि समोरच्या दिव्याच्या खांबावर रंगवलेला क्रमांक लिहिला. जन्मदाखला नव्हता, तेव्हा दुष्काळाच्या साली लेकीचे वय काय होते यावरून वयाचा अंदाज बांधला आणि तसे प्रतिज्ञापन जोडले. पहिला अर्ज नामंजूर झाला. ‘दिलेल्या पत्त्यावर व्यक्ती आढळली नाही’ असा शेरा होता. चौकशी केल्यावर कळले की पडताळणी भर दुपारी झाली होती आणि त्या वेळी आजी देवळापाशी गजरे विकत होत्या. अशा आदेशाविरुद्ध १५ दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. पण अपिलाच्या तारखा धरून बसण्यापेक्षा नवा अर्ज लवकर मार्गी लागेल असे आम्हांला वाटले. आम्ही तो दाखल केला, सोबत आयोगाच्या सूचनेची प्रत लावली आणि रात्रीच पडताळणी व्हावी अशी लेखी विनंती केली.

या वेळी काम ज्यांच्याकडे आले त्या बीएलओ एका शाळेत शिक्षिका होत्या. दिवसभर वर्ग, वरून हे काम, आणि आता रात्री अकरा वाजता फुटपाथवर जायचे. त्यांनी फोनवर आवाजातली काळजी लपवली नाही. ‘मी यजमानांना सोबत घेऊन येईन, चालेल ना?’ एवढेच त्यांनी विचारले. ठरल्या वेळी दोघे स्कूटरवरून आले. गळ्यात ओळखपत्र, हातात वही, मोबाइलचा दिवा चालू.

आजी जाग्या होत्या. कुंपणाच्या गजाला साखळीने बांधलेल्या पत्र्याच्या पेटीला टेकून, मांडीवर ओले गोणपाट घेऊन त्या उरलेला मोगरा निवडत होत्या. झोपलेल्या असताना मॅडम येऊन परत गेल्या तर काय करायचे, या धास्तीने त्यांनी डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. बाईंना पाहून त्या उठायला लागल्या आणि मला म्हणाल्या, ‘बाय, निजून दावायचं का? म्हंजी निजते.’ बीएलओ बाई पटकन खाली वाकल्या आणि म्हणाल्या, ‘नाही आजी, बसा तुम्ही. मीच बसते.’ आणि त्या खरोखर चटईच्या कडेवर बसल्या.

प्रश्न साधेच होते. किती वर्षांपासून इथे? सोबत कोण? दुसऱ्या कुठल्या यादीत नाव आहे का? आजींनी वर्षे आकड्यांत सांगितली नाहीत. ‘भात्तरच्या दुष्काळात आलो,’ त्या म्हणाल्या. ‘मग ती बसगाड्या भरून न्हेलेली साल. भर पावसात गावाबाहेर सोडलं. आमी चालत माघारी आलो.’ १९८१ च्या पावसाळ्यातल्या त्या कारवाईविरुद्ध जो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, त्याचा निकाल १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्या निकालाने मान्य केले आणि कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी ते शिकतो. त्याच निकालाने नोटीस देऊन फुटपाथ मोकळे करण्याला मात्र मुभा दिली, आणि पर्यायी जागा द्यायची ती १९७६ च्या झोपड्यांच्या गणनेत नोंद होऊन ओळखपत्र मिळालेल्यांना. आजींच्या कुटुंबाला तसे ओळखपत्र मिळालेले नव्हते. निकाल ज्या फुटपाथवासीयांच्या नावाने ओळखला जातो, त्यांच्यापैकी एक बाई माझ्यासमोर फुले निवडत बसली होती आणि त्या निकालातून तिच्या पदरात काहीही पडलेले नव्हते. बीएलओ बाईंनी वहीत ‘१९७२ पासून’ असे लिहून घेतले.

तेवढ्यात गस्तीची गाडी थांबली आणि दोन शिपाई खाली उतरले. त्यांनी अजून तोंडही उघडले नव्हते, तोवर फुटपाथवरची माणसे उठून अंथरुणे गुंडाळू लागली होती. मुले झोपेतच काखोटीला मारली गेली. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने या समाजाला जन्मतःच चोर ठरवले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण गाडीचा दिवा दिसताच गाठोडे बांधायची सवय तीन पिढ्यांनंतरही गेलेली नाही. शिवाय भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. त्याच्या व्याख्येत चरितार्थाचे दिसण्याजोगे साधन नसताना सार्वजनिक जागी वावरणारा माणूसही बसू शकतो, आणि त्याखाली वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. गजरे विकणाऱ्या बाईलाही हे भय असते.

‘काय चाललंय इथं?’ शिपायाने विचारले. अशा वेळी उत्तर द्यायची मला सवय आहे. संस्थेचे पत्र मी पिशवीत वरच ठेवलेले असते. पण मी बोलायच्या आत बीएलओ बाई उभ्या राहिल्या. गळ्यातले ओळखपत्र पुढे धरून त्या म्हणाल्या, ‘मी निवडणुकीच्या कामावर आहे. या आजी इथे राहतात. त्यांची मतदार म्हणून नोंद करायची आहे.’ शिपायाने आजींकडे पाहिले, मान हलवली, ‘चालू द्या मॅडम’ म्हणाला आणि गाडी निघून गेली.

या कामात मी बरीच वर्षे आहे. ‘इथे राहतात’ हे शब्द एखाद्या सरकारी कर्मचाऱ्याच्या तोंडून, फुटपाथवर उभे राहून, पोलिसांसमोर उच्चारलेले मी त्याआधी ऐकले नव्हते. ‘इथे बसतात’, ‘इथे पडलेले असतात’, ‘इथे अतिक्रमण आहे’ असे ऐकत आले होते. गुंडाळलेली अंथरुणे पुन्हा पसरली गेली. आजींच्या थोरल्या लेकीने बाईंच्या ओंजळीत एक गजरा ठेवला. त्यांनी तो घेतला आणि पैसे देऊ केले. लेकीने ते घेतले नाहीत.

दुसऱ्या फेरीच्या रात्री पाऊस कोसळत होता आणि फुटपाथ रिकामा होता. पावसाच्या तडाख्यात ही कुटुंबे लहान मुलांना घेऊन जवळच्या पुलाखाली सरकतात. बाई खांबापाशी येऊन थांबल्या आणि त्यांनी मला फोन केला. मी त्यांना पुलाखाली घेऊन गेले. आजी भेटल्या, पण अर्जातला पत्ता वेगळा आणि माणूस सापडला ती जागा वेगळी, तेव्हा शेरा काय लिहायचा हा त्यांचा प्रश्न रास्त होता. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० मध्ये त्याचे उत्तर आहे: नेहमीच्या निवासाच्या जागेपासून माणूस तात्पुरता दूर गेला, म्हणून तो तिथला सामान्य रहिवासी राहत नाही असे होत नाही. बंगल्यातला माणूस उन्हाळ्यात गावी जाऊन येतो त्याला जे लागू आहे, तेच पावसात पुलाखाली सरकलेल्या आजींनाही लागू आहे. मी ते कलम कागदावर उतरवून दिले, बाईंनी ते मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना दाखवले आणि पाऊस ओसरल्यावर स्वतःहून आणखी एकदा रात्री येऊन गेल्या.

नाव यादीत आले. ओळखपत्र स्पीड पोस्टाने आले, तेव्हा पोस्टमनने समोरच्या औषधाच्या दुकानात पत्ता दाखवून ‘हा खांब कुठला?’ असे विचारले. दुकानदाराने गिऱ्हाईक थांबवून त्याला आजींपर्यंत नेऊन पोचवले. कार्ड हातात आल्यावर आजींनी आधी फोटो पाहिला, मग पत्ता दोनदा वाचून घेतला. त्या कार्डावर पुढे आधारची नोंदणी झाली, कारण ओळख आणि पत्ता या दोन्हींसाठी ते चालते. पिशवी पुन्हा गाडीत जाऊ नये म्हणून कागदांचा एक संच आता संस्थेच्या कपाटात असतो.

निवृत्तिवेतनाचा अर्ज तहसील कार्यालयात दाखल आहे. वास्तव्याचा पुरावा म्हणून आम्ही नातवंडांच्या शाळेचे दाखले, औषधाच्या दुकानदाराचे आणि शेजारच्या इमारतीतल्या दोन रहिवाशांचे जबाब जोडले आहेत. ते पुरेसे मानले जावेत यासाठी पाठपुरावा चालू आहे. त्याच कुंपणालगतच्या बाकीच्या प्रौढांचेही नमुना ६ भरून झाले आहेत आणि प्रत्येकावर खांबाचा क्रमांक आहे. पडताळणी रात्री करावी, ही विनंती यापुढे अर्जागणिक वेगळी करावी लागू नये, बेघरांच्या प्रत्येक अर्जाला ती आपोआप लागू व्हावी, अशी लेखी मागणी आम्ही नोंदणी अधिकाऱ्यांकडे दिली आहे. मागणीच्या मसुद्यावर त्या शिक्षिकेने स्वतःच्या अनुभवाचे टिपण जोडून दिले, आणि रात्रीच्या कामासाठी बीएलओंना सोबत व वाहन मिळावे ही ओळही त्यात त्यांनीच घातली.