अटलांटातला एक सामना आणि चार क्वार्टरबॅक

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम जवळ आला की दर ऑगस्टमध्ये एक वाद हमखास रंगतो. संघाची सूत्रे अंगी विलक्षण देणगी असलेल्या नव्या क्वार्टरबॅककडे, म्हणजे प्रत्येक खेळी सुरू करून चेंडू कोणाकडे द्यायचा हे ठरवणाऱ्या खेळाडूकडे द्यावीत, की प्रशिक्षकांच्या पद्धतीत मुरलेल्या जुन्याकडे? बरीच वर्षे मी या वादात ठामपणे देणगीच्या बाजूने बोलत असे. आज माझे मत तसे राहिलेले नाही, आणि ज्या सामन्यापासून ते बदलू लागले तिथूनच लिहायला घेते.

1 डिसेंबर 2018 रोजी अटलांटाच्या मर्सिडीज-बेन्झ स्टेडियममध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटाच्या विजेतेपदासाठी जॉर्जिया आणि अलाबामा ही विद्यापीठे आमनेसामने आली. आम्ही अटलांटाच्या उत्तरेकडील उपनगरात राहतो. आमच्याकडे शनिवारी कोणाला जेवायला बोलवायचे असले तरी आधी जॉर्जियाचा सामना किती वाजता आहे ते पाहावे लागते, त्यामुळे त्या दिवशी घरी शेजारीपाजारी जमलेले होते. जॉर्जियाचा क्वार्टरबॅक होता जेक फ्रॉम, दुसऱ्या वर्षाचा, शांत डोक्याचा आणि प्रशिक्षकांच्या विश्वासातला. त्याच्यामागे बाकावर होता जस्टिन फील्ड्स, जो शालेय फुटबॉलमध्ये त्या वर्षीच्या देशातील सर्वोत्तम दोघांत गणला गेला होता. अलाबामाकडून तुआ तागोवायलोआ खेळत होता, आणि त्याच्यामागे होता जेलन हर्ट्स, ज्याने आधीच्या दोन हंगामांत अलाबामाला 26 सामने जिंकून दिले होते आणि फक्त 2 गमावले होते. देणगी आणि अनुभव यांच्या जेवढ्या म्हणून जोड्या लावता येतील तेवढ्या त्या एका मैदानावर उभ्या होत्या.

ज्याला आपण ‘पद्धतीचा अनुभव’ म्हणतो तो नेमका कशाचा अनुभव, हे मला खऱ्या अर्थाने कळले ते मात्र बऱ्याच वर्षांनी आणि आमच्या स्वयंपाकघरात. माझा मुलगा आता शाळेच्या दुसऱ्या संघात राखीव क्वार्टरबॅक आहे. त्याच्या मनगटावरच्या पट्टीत प्लास्टिकखाली एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर इवल्याशा अक्षरांत सगळ्या खेळ्यांची नावे छापलेली असतात. गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी पोह्यांसाठी काढलेले शेंगदाणे त्याने टेबलावर मांडले. ओळीतले पाच शेंगदाणे म्हणजे आपली पुढची फळी आणि त्यांच्यासमोरचे चार वेलदोडे म्हणजे प्रतिस्पर्धी.

“आई, हा शेवटचा वेलदोडा बघ,” तो म्हणाला. “याला कोणी अडवायचंच नाही. हा आत धावत आला, की बॉल मी ठेवायचा आणि बाहेरून पळायचं. हा जागेवर थांबला, की बॉल मागच्याला द्यायचा.”

“आणि तो अर्धवट आला तर?” मी विचारले.

तो वेलदोड्याकडे पाहत थोडा वेळ गप्प बसला. “तेच तर शिकतोय.”

चांगले बचावपटू मुद्दामच अर्धवट येतात. एक पाऊल पुढे टाकून थबकतात, खांदे एकीकडे वळवतात आणि पाय दुसरीकडे ठेवतात. त्या अर्ध्या क्षणात क्वार्टरबॅकला जे ठरवावे लागते ते चिठ्ठीवर लिहिलेले नसते. शिवाय हा झाला एकच खेळाडू, एकाच खेळीतला. पास टाकायचा असेल तर चेंडू हातात आल्यापासून अडीच-तीन सेकंदांत प्रतिस्पर्ध्यांचे सर्वांत मागचे बचावपटू, म्हणजे सेफ्टी, किती खोल उभे आहेत, त्यांच्या फळीमागचा लाइनबॅकर पुढे घुसतो आहे की मागे सरतो आहे, पास झेलणारा पहिला रिसीव्हर झाकला गेला तर दुसरा कुठे पोहोचला असेल, हे सारे पाहायचे असते. 2024 पर्यंत महाविद्यालयीन सामन्यांत हेल्मेटमध्ये प्रशिक्षकांचा आवाजही पोहोचत नसे. मैदानाबाहेरून हातवारे आणि मोठमोठी चित्रे दाखवून खेळी कळवली जाई आणि उरलेले सगळे त्या वीस-एकवीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यात असावे लागे.

फ्रॉमच्या डोक्यात ते होते. त्याच्या सामन्यांची चित्रफीत थांबवून पाहिली, तर चेंडू हातात येण्याआधीचे काही क्षणच मला सर्वांत वाचनीय वाटतात. तो समोरच्या लाइनबॅकरकडे बोट दाखवतो, वळून मागच्या खेळाडूला जागा बदलायला सांगतो, दोन पावले पुढे जाऊन फळीच्या कानावर काही घालतो आणि मग परत आपल्या जागी येतो. ज्या खेळीत तीन यार्ड मागे जाण्याची भीती होती, ती अशा बदलानंतर सहा यार्ड पुढे जाते, आणि आकडेवारीच्या तक्त्यात त्याचे श्रेय धावणाऱ्याच्या नावावर पडते. क्वार्टरबॅकच्या अनुभवाचा बराचसा भाग असा दुसऱ्याच्या खात्यात जमा होत असतो, म्हणून प्रेक्षकांना तो दिसत नाही.

पण याच फ्रॉमची सुरुवात आठवून पाहा. 2016 मध्ये जॉर्जियाचा क्वार्टरबॅक होता जेकब ईसन, तोफेसारखा हात असलेला आणि मोठा गाजावाजा होऊन आलेला. 2017 च्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि फ्रॉम मैदानात उतरला तो महाविद्यालयात एकही सामना न खेळलेला मुलगा म्हणून. ईसन बरा झाला तरी त्याची जागा त्याला परत मिळाली नाही आणि पुढे तो वॉशिंग्टन विद्यापीठात गेला. म्हणजे ज्याला 2018 मध्ये सगळे ‘अनुभवी’ म्हणत होते, तो वर्षभरापूर्वी त्या संघातला अननुभवी पर्याय होता. एका हंगामातल्या रोजच्या सरावाने त्याच्या नावापुढचे विशेषण बदलले. अनुभवाला आपण वयासारखी गोष्ट समजतो, पण ती खरे तर वाट्याला आलेल्या संधींची बेरीज असते, आणि सरावात पहिल्या संघाबरोबरच्या बहुतेक खेळ्या पहिल्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकलाच मिळतात.

2018 मध्ये त्या खेळ्या फील्ड्सला मिळाल्या नाहीत. संपूर्ण हंगामात त्याने 39 पास टाकले, त्यांतले 27 पोहोचले, आणि त्यांतले बरेचसे सामन्याचा निकाल लागून गेल्यावरचे. ऑक्टोबरमध्ये लुइझियाना स्टेटने जॉर्जियाला 36-16 असे हरवले आणि फ्रॉमने त्या दिवशी दोन चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिले, तेव्हा फील्ड्सला खेळवा अशी मागणी आमच्या गल्लीतही ऐकू येत होती. मीही ती करत होते. त्याला एक कारण शेजारच्या राज्यात घडत होते. फील्ड्स केनेसॉचा आणि ट्रेव्हर लॉरेन्स कार्टर्सव्हिलचा, म्हणजे दोघेही जॉर्जियातले, एकाच महामार्गावरच्या गावांतले आणि एकाच वर्षी शाळा संपवलेले. साउथ कॅरोलायनातील क्लेमसन विद्यापीठात लॉरेन्सच्या पुढे केली ब्रायंट होता, ज्याने आदल्या वर्षी संघाला राष्ट्रीय उपांत्य फेरीत नेले होते. तरीही चार सामन्यांनंतर प्रशिक्षक डॅबो स्विनी यांनी सूत्रे लॉरेन्सकडे दिली, ब्रायंट संघ सोडून गेला आणि जानेवारी 2019 मध्ये लॉरेन्सने अलाबामाला 44-16 असे हरवून विजेतेपद मिळवले. या उदाहरणाने देणगीच्या बाजूच्या लोकांना मोठे बळ मिळाले. त्याच उदाहरणातली दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. ब्रायंट गेल्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात लॉरेन्स जखमी झाला आणि चेस ब्राइस नावाच्या राखीव मुलाने 94 यार्डांची चाल रचून सिराक्यूजविरुद्धचा तो सामना वाचवला. ती चाल साधली नसती, तर स्विनी यांच्या निर्णयाविषयी आज आपण कसे बोललो असतो?

आता परत अटलांटात. तिसऱ्या चरणात जॉर्जिया 28-14 असे पुढे होते. फ्रॉमने त्या दिवशी 301 यार्ड आणि तीन टचडाउनचे, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचवून गुण मिळवून देणारे, पास दिले आणि तुआचा दिवस वाईट चालला होता. चौथ्या चरणात तुआचा घोटा दुखावला आणि अलाबामा सात गुणांनी मागे असताना हर्ट्स आत आला. अकरा महिन्यांपूर्वी, याच मैदानात, याच जॉर्जियाविरुद्ध, राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात संघ मध्यंतराला 0-13 असा मागे पडला म्हणून अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी ज्याला बसवले होते तो हा हर्ट्स. तेव्हा त्याच्या जागी आलेल्या तुआने जादा वेळेत 41 यार्डांचा पास टाकून विजेतेपद जिंकून दिले होते.

आदल्या दोन वर्षांत हर्ट्सची ओळख पायांवर होती. पहिला रिसीव्हर झाकलेला दिसला की तो धावत सुटे. त्या संध्याकाळी मात्र तो थांबत होता, दुसऱ्याकडे पाहत होता, कधी तिसऱ्याकडे. नऊ पासांपैकी सात पोहोचले. जेरी जूडीला दिलेल्या टचडाउनच्या पासाने 28-28 अशी बरोबरी झाली आणि शेवटचे जेमतेम एक मिनिट उरलेले असताना त्याने स्वतः 15 यार्ड धावत जाऊन सामना 35-28 असा जिंकला. आमच्या दिवाणखान्यात सगळे जॉर्जियाचे असूनही ती धाव पूर्ण झाल्यावर कोणीतरी टाळी वाजवली.

दरम्यान, तीन मिनिटे उरली असताना आणि बरोबरी असताना, जॉर्जियाने मैदानाच्या मध्यावर चौथ्या डाउनला, म्हणजे चारांपैकी शेवटच्या प्रयत्नात, 11 यार्ड हवे असताना, पंट करण्याचा, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारण्याचा, आव आणून चेंडू फील्ड्सच्या हाती दिला. तो दोन यार्डांवर अडवला गेला. मला त्या खेळीचे आजही वाईट वाटते. संघातील सर्वांत देणगीवान मुलाला हंगामभर खऱ्या कसोटीपासून दूर ठेवायचे आणि मग वर्षातल्या सर्वांत अवघड क्षणी, क्वार्टरबॅक म्हणून नव्हे तर युक्तीचे साधन म्हणून पुढे करायचे, याला मी देणगीवरचा विश्वास म्हणणार नाही. फ्रॉमला निवडण्यात जॉर्जियाचे प्रशिक्षक किर्बी स्मार्ट यांचे काही चुकले असे मला आता वाटत नाही, पण त्या हंगामात फील्ड्सला शिकायला मिळाले नाही ही चूक होतीच. तो ओहायो स्टेटला गेला, तिथे प्रशिक्षक रायन डे यांनी त्याच्या हातापायांना साजेशी आखणी केली, आणि 2019 मध्ये त्याचे 41 टचडाउनचे पास गेले तर चेंडू विरोधकांच्या हाती फक्त तीनदा लागला.

आणि त्याच 2019 मध्ये फ्रॉम? संघात तो आता तिसऱ्या वर्षाचा, सर्वांत मुरलेला होता. पण आक्रमणाचे प्रशिक्षक जिम चेनी निघून गेले होते, त्यांच्या जागी जेम्स कोली आले होते आणि ओळखीचे रिसीव्हरही पुढे गेले होते. त्याच्या पोहोचलेल्या पासांचे प्रमाण सुमारे 67 टक्क्यांवरून 61 टक्क्यांवर घसरले. मला हा आकडा फार बोलका वाटतो. पद्धतीचा अनुभव खेळाडूच्या मालकीचा नसतो. तो प्रशिक्षक, सहकारी आणि शब्दसंग्रह यांच्यासकट असतो, आणि त्यांतले एक बदलले तरी कमी होतो. हर्ट्सने अलाबामात तीन वर्षांत लेन किफिन, ब्रायन डेबोल आणि माइक लॉक्सली असे दरवर्षी नवे आक्रमण-प्रशिक्षक पाहिले आणि पुढे ओक्लाहोमा विद्यापीठात पुन्हा नवे, लिंकन रायली. तिथे त्याने 3,851 यार्डांचे पास टाकले. दरवर्षी नव्याने शिकावे लागल्यामुळे त्याला शिकण्याचीच सवय लागली असावी, असे मला वाटते, आणि ही तिसरी गोष्ट आपल्या वादात कोणी धरतच नाही.

उलट उदाहरणही डोळ्यांसमोर आहे. फ्लोरिडा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक अँथनी रिचर्डसनने व्यावसायिक संघांच्या 2023 च्या निवड-चाचण्यांत 40.5 इंच उभी उडी मारून सगळ्यांना थक्क केले, पण महाविद्यालयात त्याने सुरुवातीपासून खेळलेले सामने होते फक्त 13, आणि शेवटच्या हंगामात त्याचे 54 टक्केही पास पोहोचले नव्हते. इंडियानापोलिसच्या व्यावसायिक संघाने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडले आणि जे शनिवारी, महाविद्यालयीन सामन्यांत शिकायचे ते त्याला रविवारी, मोठ्यांच्या सामन्यांत शिकावे लागले.

मी मत दुरुस्त केले ते 2021 मध्ये. जॉर्जियाकडे जे. टी. डॅनियल्स होता, शाळेपासून नावाजलेला, सुंदर पास टाकणारा. तो जखमी झाल्यावर स्टेट्सन बेनेट आला, जो शिष्यवृत्तीशिवाय संघात दाखल झाला होता, मध्ये एक वर्ष मिसिसिपीतल्या छोट्या महाविद्यालयात खेळून परतला होता आणि उंचीने सहा फुटांच्या आतला होता. डिसेंबरमध्ये अलाबामाने जॉर्जियाला 41-24 असे हरवले तेव्हा आता डॅनियल्सलाच खेळवा असे मी सांगत होते. स्मार्ट यांनी ऐकले नाही. 10 जानेवारी 2022 रोजी त्याच अलाबामाविरुद्ध चौथ्या चरणात बेनेटच्या हातून चेंडू निसटला, अलाबामा पुढे गेले, आणि त्यानंतरच्याच चालीत त्याने 40 यार्डांचा टचडाउनचा पास टाकला. जॉर्जियाने 33-18 असे जिंकून 1980 नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. मी त्याचे सामने पुन्हा पाहिले तेव्हा लक्षात आले की आपण नावेच उलटी ठेवली होती. बेनेटला सगळे ‘अनुभवी’ म्हणत होते, पण फळी मोडल्यावर बाजूला सरकून वाचण्याची चपळाई त्याच्याकडेच अधिक होती. देणगी आपण उंचीत आणि हाताच्या ताकदीत शोधत होतो, म्हणून ती आपल्याला दिसली नव्हती.

आता नव्या हंगामाआधी कोणी विचारले, तर मी आधी विचारते की आक्रमणाचे प्रशिक्षक तेच आहेत का, आणि वसंत ऋतूतल्या सरावात पहिल्या संघाबरोबर कोण खेळले. खेळाडूंनी विद्यापीठ बदलण्याचे नियम सैल झाल्यापासून बाकावर थांबून शिकणारे हर्ट्ससारखे मुलगे कमी झाले आहेत, त्यामुळे या प्रश्नांची उत्तरे दरवर्षी नवीच असतात.

माझ्या मुलाच्या शाळेतही यंदा नवे प्रशिक्षक आले आहेत. मनगटावरची चिठ्ठी बदलली आहे. एका बचावपटूला मोकळा सोडायची खेळी तीच आहे, पण तिचे नाव आता वेगळे आहे आणि पाहायचा खेळाडू आतल्या बाजूचा आहे. काल रात्री जेवणे झाल्यावर त्याने वेलदोड्यांची डबी पुन्हा मागितली.