प्युअर डेटात नेटवर्कवरून सरगम: मेसेज संपतो कुठे?

मंडळी, प्युअर डेटामधला (थोडक्यात पीडी, खोके तारांनी जोडून आवाज घडवायचं सॉफ्टवेअर) माझा सरगमवाला पॅच, म्हणजे अशा खोक्यांची जोडणी, आता वाजायला लागलाय! एका लॅपटॉपवर पीडी चालू ठेवायचं, दुसऱ्यावरून नुसतं सा, रे, ग देवनागरीत टाइप करून पाठवायचं की स्वर लागतो. सा काळी एकचा, म्हणजे १३८.६ हर्ट्झ, बाकीचे स्वर गुणोत्तरानं काढलेत, रे ९/८, ग ५/४, प ३/२, त्यामुळे पंचम २०७.९ वर बसतो आणि कानाला इतका स्वच्छ लागतो की बास.

रचना अगदी साधी आहे. वर नेटरिसिव्ह ३००० (पोर्ट ३००० वर येणारे मेसेज घेणारा खोका), खाली रूट (मेसेजच्या पहिल्या शब्दावरून त्याची वाट ठरवणारा), आणि रूटला थेट सा रे ग म प दिलेत. टर्मिनलमधून नेटकॅटनं (नेटवर्कवर मजकूर पाठवणारी कमांड) "प;" पाठवलं की पंचम. तो अर्धविराम विसरायचा नाही, कारण पीडीच्या स्वतःच्या फुडी पद्धतीत मेसेज तिथेच संपतो, एंटर म्हणजे तिच्या लेखी नुसती स्पेस. देवनागरीचं टेन्शन घेऊ नका, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाईटांत लिहायची पद्धत) आपल्या अक्षरांचा प्रत्येक बाईट १२८ किंवा त्याहून मोठा असतो, स्पेसचा ३२ नाहीतर अर्धविरामाचा ५९ मधेच घुसणं शक्यच नाही.

खरी मजा मोकळ्या मजकुराची. मला बंदिशीची अख्खी ओळ वाजवणाऱ्याच्या स्क्रीनवर दाखवायचीय, आणि फुडी ती स्पेसवर तोडते, ००७ असेल तर त्याचा ७ करते. म्हणून नेटरिसिव्हला मायनस बी (-b) लावलं, आता कच्चे बाईट येतात. "सा" पाठवला की २२४ १६४ १८४ २२४ १६४ १९०, एका अक्षराला सहा बाईट! पण टीसीपी, म्हणजे नेटरिसिव्ह एरवी वापरतो ती, काही गळू न देता डेटा पोचवायची पद्धत, ही सलग धार, ओळ कुठे संपली ते ती सांगत नाही, ते आपणच ठरवायचं. मी शेवटी न्यूलाइन (बाईट १०) पाठवतो. इकडे १० ओळखून वेगळा काढणारं सिलेक्ट १० लावलंय, बाकीचे बाईट लिस्ट स्टोअरमध्ये ॲपेंड होत राहतात, १० आला की ट्रिगर बी बी (एकामागून एक दोन इशारे देणारा खोका) आधी साठा बाहेर काढतो आणि मग रिकामा करतो (क्रम उजवीकडून डावीकडे, हे डोक्यात पक्कं असू द्या). खाली बाईटांचा पुन्हा मजकूर करणारं लिस्ट टूसिम्बॉल, आणि ओळ जशीच्या तशी दिसते. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा फार भारी वाटलं.

मोबाईलच्या स्लायडरसाठी मात्र ओएससीच (ओपन साउंड कंट्रोल, संगीताच्या उपकरणांनी एकमेकांना मेसेज पाठवायची पद्धत), बर्कलीच्या सीएनमॅट या संगीत संशोधन केंद्रात १९९७ साली मॅट राइट आणि एड्रियन फ्रीड यांनी मांडलेलं. नेटरिसिव्ह मायनस यू मायनस बी (-u म्हणजे टीसीपीऐवजी यूडीपी, सुट्या पॅकेटांनी डेटा पाठवायची पद्धत), मग ओएससी मेसेज उलगडणारं ओएससीपार्स, लिस्ट ट्रिम, रूट, एक्सटर्नल म्हणजे बाहेरून घालायचे जादा खोके काहीच लागत नाहीत. सगळं चार-चार बाईटच्या हिशोबात असतं: /freq लिहायला पाच अक्षरं पण शून्यं भरून आठ बाईट, टाइप टॅगचे चार, ४४० चे चार म्हणजे ६७ २२० ० ०, एकूण सोळा. यूडीपीत पॅकेट संपलं की मेसेज संपला, हद्द शोधायची भानगडच नाही.

फक्त पॅकेट पोचेलच याची खात्री यूडीपी देत नाही. स्लायडरचा एखादा आकडा गळला तर पुढचा येतोच, पण स्वर बंद करायचा मेसेज गळला तर तो स्वर वाजतच राहणार. म्हणून चालू-बंद सगळं टीसीपीवर, स्लायडर यूडीपीवर, असं ठरवून टाकलंय. आता मींड घ्यायचीय, त्यासाठी स्लायडरचे आकडे लाइन टिल्डमधून (line~, एका आकड्यावरून दुसऱ्यावर सलग सरकत नेणारा खोका) सोडतोय.