हजर

"पप्पा, 'हजर'च्या ऐवजी नुसता हात वर केला तर चालतंय का?"

परभणीच्या वसमत रोडवर, मागं बसलेल्या लेकरानं विचारलं. मी गाडी बाजूला घेतली.

तिसरीत आहे. बोलताना अडखळतो, 'ह'वर तर हमखास. सकाळी हजेरीला तो 'ह... ह...' करत राहिला आणि सर म्हणाले, "गाडी चालू होईना का? धक्का मारा रे कुणीतरी!" वर्ग हसला. मधल्या सुट्टीत पोरं खरंच पाठीत धक्के मारत होती. शर्टावर मागं मातकट पंजे उमटलेले. ते मला तेव्हा दिसले.

तसाच माघारी शाळेत गेलो. आवाज चढवला नाही. सर वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "अहो, गमतीनं म्हणलो. भीड चेपावी म्हणून."

म्हणलं, सर, चिडवल्यानं भीड चेपत नाही, अडखळणं वाढतं. त्याचा शब्द तुम्ही पूर्ण करू नका, 'नीट बोल' म्हणू नका, फक्त थांबा. हेच लेकरू सगळ्यांबरोबर पाढे म्हणताना अडकत नाही, एकदा कान देऊन ऐका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मानसिक त्रासालाही मनाई करतं, हेही बोललो. पण ते अगदी शेवटी.

सर गप्प झाले. मग म्हणाले, "उद्या वर्गाशी बोलतो."

रात्री शर्ट मीच धुतला. डाग पूर्ण निघाले नाहीत.

उद्या हजेरीला त्याला फार तर ५ सेकंद लागतील. थांबतील ना सर?